आठ नंबरचं मशीन

आमच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक पोरगी कोण, असं आज विचारलं तर लोक दोन-चार नावं सांगतील. मनकर्णाचं नाव कुणी घेणार नाही. ज्यांचं पुढे काही झालं त्यांचीच नावं लोकांच्या लक्षात राहतात, म्हणून मनकर्णाचं मी सांगतो.

मनकर्णा देवराव तायडे. एकसष्ट साली ती मॅट्रिक झाली तेव्हा तिचा बाप अकोल्याच्या एका जिनात, कापसाच्या कारखान्यात, गठाणी उचलत होता, आणि कापसाच्या हंगामात ती स्वतः रेच्यावर कापूस टाकायला जात होती. रेचा म्हणजे सरकी वेगळी करायचं यंत्र. त्याच्यापुढे दिवसभर उभं राहिलं की डोक्यापासून पापण्यांपर्यंत रुई बसते आणि घरी आल्यावर माणूस खोकत राहतो. देवरावकाकांचा खोकला तर बाराही महिने चालायचा. मनकर्णाला तो खोकला नको होता. तिची महत्त्वाकांक्षा म्हणाल तर एवढीच होती, आणि ती मला आजही मोठी वाटते.

मी शालिकराम, तीन घरं पलीकडचा, तिच्या मागून एका वर्षानं मॅट्रिक झालेला. बासष्टच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं टायपिंगच्या क्लासला लागलो. राज्याचा कारभार मराठीतून सुरू झाला होता, कचेऱ्यांमधून मराठी मशीनं येऊन पडली होती आणि ती चालवणारी माणसं मिळत नव्हती. आमच्यासाठी राखीव जागा निघायच्या आणि रिकाम्याच राहायच्या. मॅट्रिक आणि मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट, एवढं हातात असलं की खुर्ची तुमची. मनकर्णाला एका कचेरीतून तसं तोंडी सांगितलंही होतं की बाई, सर्टिफिकेट घेऊन या, जागा आहे.

क्लास होता मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, तेलाच्या दुकानावरच्या माडीत. चालवणारे वामनराव. स्वच्छ धोतर, काळी टोपी आणि शुद्ध भाषेचा सोस. आमच्या तोंडून 'मले' निघालं की कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मी जातपात मुळीच मानत नाही बरं का." आम्ही विचारलं नव्हतं.

माडीत मशीनं आठ. सात मशीनं खोलीत, खिडक्यांच्या उजेडात. आठवं बाहेर, जिन्याच्या तोंडाशी. आमच्या वस्तीतून तिघं जायचो, पुंजाराम, मी आणि मनकर्णा. तिघांचे तास वेगवेगळे, पण मशीन एकच, आठ नंबर. खोलीतली पोरं आज दोनवर तर उद्या पाचवर बसायची. आम्ही मात्र आठवरच. कारण विचारलं तर वामनराव म्हणाले, "सवयीचं मशीन बदलू नये, हात बिघडतो." वर हळू आवाजात हेही म्हणाले की माझं काही नाही हो, पण बाकीच्यांच्या घरच्या मंडळींचं काय करणार.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी आनंदात होतो. माझ्या बोटांनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राला हात लावला होता. कळ दाबली की काडी उठते, फितीवर आपटते आणि कागदावर अक्षर उभं राहतं. शाळेतल्या मास्तरांनी कधी माझ्या अक्षराला बरं म्हटलं नव्हतं. इथे माझं अक्षर आणि कलेक्टरचं अक्षर सारखंच. लोखंडाला कुठली आलीय जात, असं मला वाटायचं. माडीत सात मशीनं आत आणि एक बाहेर का, हे कळत असूनही वाटायचं. माणूस विसाव्या वर्षी असा गाढव असतो.

शिकवण्यात मात्र वामनराव पक्के होते. कळांवर फडकं अंथरायचे आणि फडक्याखाली हात घालून टाइप करायला लावायचे. "डोळे मजकुरावर. बोटांना डोळे फुटले पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य असं की बोटांनी शिकलेलं बोटं जन्मभर विसरत नाहीत. हे दुसरं वाक्य अगदी खरं निघालं.

आठ नंबरमध्ये एक खोड होती. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तर खालची लांब पट्टी अंगठ्यानं दाबावी लागते. एकदा दाबली की मशीन एक घर पुढे सरकतं. आमचं सरकत नव्हतं. पहिला दाब फुकट जायचा, दुसऱ्याला मशीन हलायचं. कधीमधी नाही, दर वेळी. मनकर्णानं दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं.

वामनराव म्हणाले, "मग दोनदा दाबा. अंगठा झिजतो का?"

पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा ते खोलीतल्या पोरांकडे बघून हसले. "नाचता येईना अंगण वाकडे!" पोरंही हसली. मनकर्णा बाहेर येऊन आठ नंबरवर बसली आणि दोनदा दाबायला लागली.

पुंजारामनं दोन-तीन महिन्यांत नाद सोडला. माझं आपलं रखडत चाललं होतं. मनकर्णानं मात्र ते मशीन वश केलं. तिचा अंगठा असा चालायचा की ती दोन वेळा दाबते आहे हे बघणाऱ्याला समजायचं नाही. ऐकणाऱ्याला तेवढं समजायचं. प्रत्येक शब्दानंतर टप्-टप्, टप्-टप्. जिन्याच्या खालून चढतानाच मला कळायचं की वर मनकर्णा बसली आहे. जिनातून केसांत रुई घेऊन यायची, तशीच बसायची, आणि तास संपेपर्यंत मान वर करायची नाही. पावसाळ्यापर्यंत तिनं मिनिटाला पस्तीस शब्द गाठले. आतल्या सात मशीनांवरच्या एकाही पोराचा एवढा वेग नव्हता. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ही पोरगी वाकड्या अंगणात नाचायला शिकली होती.

मग दसरा आला. दसऱ्याच्या आधी चंद्रभान मिस्त्री यायचा, सगळी मशीनं खोलून तेलपाणी करायचा, आणि दसऱ्याला मशीनांची पूजा व्हायची. आम्हा लोकांचा दसरा आता वेगळा होता. दीक्षा घेऊन सात वर्षं झाली होती. त्या दिवशी वस्तीत पांढरी लुगडी नेसून बाया वंदनेला बसायच्या, आणि मनकर्णा पुढे उभी राहून सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. पूजेला येणार नाही, असं तिनं वामनरावांना आधीच सरळ सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो तर आतल्या सातही मशीनांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, वर आपट्याची पानं. आठ नंबर कोरडं. त्याचं आम्हाला काही नव्हतं, कुंकू नकोच होतं. पण मिस्त्रीनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मनकर्णानं विचारलं, "सर, आठ नंबरचं काम राह्यलं का?"

"राहिलं नाही, मीच राहू दे म्हटलं," वामनराव म्हणाले. "तुम्हा लोकांना पूजा चालत नाही. मग म्हटलं तेलपाणी तरी कशाला?"

हे ते रागानं बोलले नाहीत, थट्टेत बोलले. त्यांच्या थट्टेचा मला आजही त्यांच्या रागापेक्षा जास्त संताप येतो.

परीक्षा नोव्हेंबरात, अमरावतीला होती. त्या वेळी परीक्षेला मशीन आपापल्या क्लासचं न्यावं लागायचं. मनकर्णा एकदा म्हणाली की दोन दिवस आतल्या मशीनवर हात फिरवू द्या. वामनरावांनी नकारार्थी मान हलवली. "हात बिघडेल. तू आठ नंबरच घेऊन जा." आणि खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटलं. जिन्यात मला म्हणाली, "जाऊ दे गा शालिक. मले आता तेच मशीन बरं वाटते. त्याची खोड मले ठाऊक हाये, माही त्याले."

घरी दुसरंच चाललं होतं. चांदूर बाजारहून जाईबाई नावाच्या बाईनं आपल्या पोरासाठी मनकर्णाला मागणी घातली होती. पोरगा बाजारात हमाल, स्वभावानं वाईट नव्हता. देवरावकाकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "पयले रिझल्ट. पोरगी पास झाली तं नोकरी करीन, नाई झाली तं माघात लगन." म्हणजे त्या एका कागदाच्या एका बाजूला कचेरीतली खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला चांदूर बाजार. मनकर्णाला हे रोज उठल्याबसल्या माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वामनरावांनी सगळी मशीनं तरटात गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवली. सकाळी पॅसेंजरला आम्ही स्टेशनवर गेलो. खोलीतल्या पोरांची मशीनं हमालानं आणली. आठ नंबर देवरावकाकांनी डोक्यावर आणलं. जिनातून रजा काढून आले होते. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत आणि तिथून अमरावतीपर्यंत त्यांनी ते बोचकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी म्हटलं, "काका, खाली ठेवा ना जरा." तर म्हणाले, "धक्का लागन, बाप्पा. आतमंधी बारीक सामान असते." मी फक्त सोबतीला गेलो होतो. माझा वेग अजून विशीतच अडकला होता.

परीक्षा एका शाळेत होती. देवरावकाका आणि मी व्हरांड्यात उभे राहिलो. घंटा झाली आणि आत वीस-पंचवीस मशीनं एकदम सुरू झाली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. त्यातून मी आमचं मशीन शोधत होतो. सुरुवातीला सापडेना. मग थोड्या वेळानं ऐकू आलं. टप्-टप्. टप्-टप्.

"कसं चालू हाये गा?" देवरावकाकांनी विचारलं.

"मस्त! आयका ना. दोनदा ठोकून राहिली. आपल्या क्लासात ठोकते तसंच."

काका हसले. मान किंचित तिरकी करून ऐकत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण सगळ्या गलक्यातून आपल्या पोरीचा आवाज वेगळा काढता येतो याचाच त्यांना आनंद झाला होता.

तेवढ्यात वामनराव पान चघळत आले. "आठ नंबर कसं चाललंय? चालणारच! काल चंद्रभानला मुद्दाम बोलावून घेतला. स्प्रिंग बदलली, तेलपाणी केलं. परीक्षक मशीनवर क्लासचं नाव वाचतात हो. तिथे खोड असलेलं मशीन कसं पाठवणार?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांच्याकडे वळून विचारलं, "म्हंजे सर... ते आता एकदा दाबल्यावर सरकते?"

"सरकतं म्हण, सरकतं. एकदाच! अगदी नव्यासारखं."

देवरावकाकांनी दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले मास्तर. गरिबाच्या पोरीसाठी येवढं केलं तुमी."

आणि आत ती दोनदा ठोकतच होती. टप्-टप्, टप्-टप्. ज्या आवाजानं मी आत्ताच खूश झालो होतो तोच आवाज आता एकेक शब्दाला चूक मोजत होता. एका जागेऐवजी दोन जागा म्हणजे चूक. शब्दागणिक चूक. खिडकीतून ओरडून सांगावं असं वाटलं, पण सांगून काय होणार होतं? तिला माहीत नसेल का? माझ्या शेजारी काका हात जोडून उभे, वामनराव "असू दे, असू दे" म्हणत होते. त्या माणसाला उचलून व्हरांड्याखाली टाकावं असं मला वाटलं. आजही वाटतं.

मनकर्णा बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता. काकांनी विचारलं, "झालं का व?" ती मला म्हणाली, "शालिक, मशीन दुरुस्त केलं त्याईनं."

"ठाऊक हाये."

"सुरुवातीले एक ओळ मारून पाहाले सांगतलं, तवाच समजलं मले. आंगठ्याले म्हटलं, एकदाच बाप्पा, एकदाच. दोन ओळी आयकलं त्यानं. मंग हात पळाले लागला, अन् आंगठा आपल्या मनानं चालला. थांबून थांबून मारलं असतं तं मजकूर भरत नोव्हता. नाई थांबलं तं चुका."

"पन मास्तरनं तं नवं करून देल्लं ना?" काका म्हणाले. त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. तिनं बापाचा हात धरला आणि आम्ही स्टेशनचा रस्ता धरला. मशीन पुन्हा काकांच्याच डोक्यावर होतं.

निकाल लागला. वेग भरपूर, चुकांमुळे नापास. मनकर्णा वामनरावांकडे गेली, मी तिच्यासोबत होतो. तिनं एवढंच म्हटलं, "सर, आदल्या दिवशी सांगतलं असतं तं मी रातभर हात बसवला असता."

वामनरावांना ते झोंबलं. "म्हणजे मशीन दुरुस्त करून दिलं हा माझा गुन्हा? वर्षभर दुरुस्त करा, दुरुस्त करा म्हणून मागे लागली होतीस. करून दिलं, तर तेही चुकलं!" मग खोलीतल्या पोरांकडे वळून म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" पोरं हसली. तिनं पुढच्या परीक्षेसाठी नाव घालायचं म्हटलं, तर तास शिल्लक नाही म्हणाले. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. आठ नंबरचा तिचा तास त्यानंतर कितीतरी दिवस रिकामाच होता, हे मी रोज बघत होतो.

मी तिला म्हटलं, दुसरा क्लास पाहू. ती तयार होती. पण देवरावकाकांनी शब्द दिला होता, आणि त्या हंगामात त्यांच्या खोकल्यातून रक्त यायला लागलं होतं. आपण आहोत तोवर पोरीचं उरकावं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. माघात लग्न झालं. मनकर्णा चांदूर बाजारला गेली.

आता माझं. आठ नंबर दुरुस्त झालं ते माझ्या कामी आलं. माझा वेग मुळातच कमी होता, त्यामुळे दोनदा दाबायची सवयही कच्चीच होती. ती महिनाभरात मोडली. मे महिन्यात मी परीक्षा दिली आणि कसाबसा पास झालो. कचेरीतली ती जागा, जी मनकर्णाला सांगितली होती, अजून रिकामीच होती. योग्य उमेदवार मिळत नाही म्हणून. मी अर्ज केला आणि योग्य उमेदवार मिळाला. वस्तीत पेढे वाटले. देवरावकाकांनी पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तरचा हात लागला म्हनून झालं बाप्पा." ते पावसाळ्यातच वारले, आणि मरेपर्यंत वामनरावांना देवमाणूस मानत होते.

वामनरावांनी ही गोष्ट पुढे कितीतरी वेळा सांगितली. एका गरीब मुलीसाठी मी पदरचे पैसे घालून मशीन दुरुस्त करून दिलं, तरी ती नापास झाली. पण त्याच मशीनवर तिच्याच समाजाचा मुलगा पास झाला, बघा! त्यांच्या एकसष्टीला मला पुढच्या रांगेत बसवून त्यांनी हे सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून निघून आलो, तर मागून कुणीतरी म्हणालं की खुर्ची मिळाली की हे लोक उपकार विसरतात.

एकोणसत्तर साली माझी अमरावतीला बदली झाली होती. एक दिवस दुपारच्या सुट्टीत मनकर्णा कचेरीत आली. कडेवर पोरगी, मैना. चांदूर बाजारच्या मुलींच्या शाळेत चपराशिणीची जागा निघाली होती, त्याचा अर्ज टाइप करून हवा होता. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे जाणार होती, मग समजलं मी इथं आहे. पाणी भरायचं, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे. मॅट्रिक झालेली बाई. मी मशीनला कागद लावला आणि एकदम उठलो.

"तूच मार," मी म्हटलं. "कोनी नाई आत्ता."

ती आधी नाही म्हणाली. मग पोरगी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि बसली. बोटांनी कळा चाचपल्या, आणि हात चालायला लागले. सहा वर्षं मशीन पाहिलं नव्हतं, तरी मजकुरावरून नजर हलली नाही. आणि प्रत्येक शब्दानंतर तेच. टप्-टप्. टप्-टप्. मी पोरीला घेऊन तिच्या पाठीशी उभा होतो.

तिनं कागद काढला, उजेडात धरला. शब्दाशब्दांमध्ये दुप्पट जागा. सगळा अर्ज दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता.

"आण इकडं," मी म्हटलं. "मी दुसरा मारून देतो, नीट."

"राहू दे," मनकर्णा म्हणाली. "चपराशिणीच्या अर्जात चुका कोन मोजते?"

तिनं सही कुठे करायची ते विचारलं. मी बोट ठेवून जागा दाखवली.